सव्वादोन मिलिमीटरचा हट्ट

ब्रिटनमधल्या रेल्वेवेड्यांचा विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एक तर भाबडं कौतुक, नाही तर थट्टा. दोन्हींत विचाराला जागा उरत नाही. म्हणून इथे आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची रीत घेतली आहे: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. पूर्वपक्षाचे आक्षेप वजनदार आहेत, त्यामुळे ते त्याच्याच तोंडून आणि त्याच्याच जोराने मांडले आहेत. उत्तरपक्ष माझा आहे.

पूर्वपक्ष : तुम्ही ज्याला अभ्यास म्हणता त्याचा एक नमुना घेऊ. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारं मॉडेल रेल्वेचं माप म्हणजे ‘डबल ओ’. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवरचे ४ मिलिमीटर. या हिशेबाने रुळांमधलं ४ फूट साडेआठ इंचांचं अंतर १८.८३ मिलिमीटर व्हायला हवं. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. फरक सव्वादोन मिलिमीटरच्या किंचित वर. एवढ्या फरकापायी तुमच्या मॉडेलवाल्यांचे तीन पंथ झाले: साडेसोळावर समाधान मानणारे, १८.२ वर तडजोड करणारे आणि १८.८३ शिवाय ऐकूनच न घेणारे. ही तिसऱ्या पंथाची माणसं एकेक स्लीपर हाताने बसवतात आणि एका छोट्या स्टेशनावर वर्षानुवर्षं घालवतात. शिकलेल्या, कर्त्या माणसांनी आयुष्य इतक्या बारीक गोष्टीत ओतावं याचं मला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. बाहेरच्या जगावर आपली हुकमत चालत नाही म्हणून टेबलावर आपल्या हुकमतीचं जग उभारायचं, असा हा प्रकार दिसतो.

उत्तरपक्ष : तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हा फरक आला कुठून? युरोपात मॉडेलसाठी फुटाला साडेतीन मिलिमीटरचं प्रमाण रूढ होत होतं आणि त्या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटरचे रूळ अगदी बरोबर बसतात. ब्रिटनमध्ये तसं करता येईना. जगात सर्वांत आधी रेल्वे बांधणाऱ्या या देशाने पूल आणि बोगदे सुरुवातीच्या बेताच्या मापांवर बांधून टाकले, आणि नंतरच्या प्रत्येक इंजिनाला त्याच चौकटीत मावावं लागलं. त्यामुळे ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान राहिली. साडेतीनच्या प्रमाणात ती इतकी बारीक होत की त्या काळची विजेची मोटार त्यांच्या पोटात बसत नसे. उपाय म्हणून वरचं अंग चार मिलिमीटरच्या प्रमाणात फुगवलं आणि खालचे रूळ तेच ठेवले. फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ बाजारात आणली आणि ही तडजोड घरोघर पोचली. म्हणजे या सव्वादोन मिलिमीटरांत एकोणिसाव्या शतकातल्या बोगद्यांची उंची आहे आणि १९३० च्या दशकातल्या मोटारीची जाडीही आहे. ‘गाडी रुळांवर जरा अरुंद का दिसते?’ एवढाच प्रश्न धरून बसलेला माणूस तिथपर्यंत जाऊन पोचतो. माझं म्हणणं हेच आहे: या छंदाचं मोल त्याच्या हळवेपणात नाही. लोक ज्याला हसतात त्या काटेकोरपणातच ते आहे, आणि त्या देशातल्या रेल्वेचं जे काही वाचलं ते मोजणाऱ्यांमुळे वाचलं.

टेबलावरच्या हुकमतीबद्दलही बोलू. ऑक्सफर्डशायरमध्ये लाँग विटनम या गावी पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ओढीने आला आणि व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातली जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना पाहून हादरला. आला होता इंजिनांसाठी. मोजू लागला घरं. भिंतीतल्या दगडांची रचना, छपराचा उतार, परसातली भाजी, सगळं टिपून त्याच चार मिलिमीटरच्या प्रमाणात त्याने ते उभं केलं, आणि १९५४ पासून त्या कामाला स्वतःची जागा मिळाली. तिथे मनाला येईल तसं घर बसवता येत नाही. खरं घर कसं होतं याचा पुरावा लागतो. हुकमत गाजवायची असती तर कल्पनेतलं गाव सोपं होतं. हा माणूस वस्तुस्थितीच्या आज्ञेत राहायला शिकला.

पूर्वपक्ष : पेंडन सुंदर असेल. पण सुंदर आणि उपयुक्त एकच नव्हे. गावं टिपली, इंजिनांचे क्रमांक वहीत उतरवले, पुढे काय? १९४२ साली इअन अ‍ॅलन या सदर्न रेल्वेतल्या कारकुनाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि पुढची दोन-तीन दशकं इंग्लंडातली पोरं फलाटाच्या टोकाला उभी राहून दिसेल त्या इंजिनाच्या क्रमांकाखाली रेघ मारत राहिली. त्या रेघांनी जगाच्या ज्ञानात कणभर तरी भर पडली का?

उत्तरपक्ष : पडली, आणि त्याचा पुरावा भंगाराच्या एका अंगणात आहे. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली. त्याआधीची काही वर्षं इंजिनं घाऊक भावाने भंगारात निघत होती. दक्षिण वेल्समधल्या बॅरी बंदरात डाय वुडहॅम यांचं भंगाराचं अंगण होतं. त्यांनी २९७ इंजिनं घेतली. मात्र मालडबे तोडणं सोपं आणि किफायतीचं, म्हणून माणसं आधी त्या कामाला लावली आणि इंजिनं खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. पितळ गेलं, तांबं गेलं, रंग गेला. त्या सांगाड्यांकडे पाहून हे कोण आणि त्याचं पूर्वायुष्य काय, हे कोणाला सांगता आलं? क्रमांक पाठ असलेल्या त्याच पिढीला. इंजिनाच्या दांड्यांवर आणि जोडभागांवर कारखान्यात क्रमांक ठोकलेले असतात. त्यांवरून अमुक दांडा मूळचा कोणत्या इंजिनाचा, मधल्या दुरुस्तीत तो कुठून कुठे गेला, याचा माग काढता येतो. त्या २९७ पैकी २१३ इंजिनं सर्वसामान्य लोकांच्या मंडळांनी वर्गण्या काढून सोडवून नेली. ब्रिटनमधल्या जतन केलेल्या मार्गांवर आज जी वाफेची इंजिनं धावतात, त्यांतली कितीतरी या अंगणातून आलेली आहेत.

त्यांतल्या एकाची हकिकत मला या साऱ्या वादातला सर्वांत मोठा पुरावा वाटते. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’, क्रमांक ७१०००. क्रू कारखान्यात १९५४ साली तयार झालेलं आणि आपल्या वर्गातलं एकटंच. चालवणाऱ्यांनी लवकरच त्याला नावं ठेवली: कोळसा बेसुमार खातं आणि ऐन चढावर वाफ धरत नाही. धंद्याने निकाल दिला की रचनाच फसली आहे. आठच वर्षांत, १९६२ मध्ये, ते सेवेतून काढलं. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात कापून दाखवण्यासाठी त्याचा एक सिलिंडर काढून घेतला आणि उरलेलं धूड बॅरीला गेलं. १९७४ मध्ये हौशी लोकांच्या एका मंडळाने ते विकत घेतलं, तेव्हा जाणकारांनीही त्यांना वेड्यात काढलं होतं. सिलिंडरांचा संच पूर्ण नव्हता, त्यामुळे नवे सिलिंडर करणं भाग होतं, आणि नवे करायचे तर मूळ आराखडे काढून भागामागून भाग ताडून पाहणं भाग होतं. असं ताडताना राखपेटीशी आले आणि थांबले. जाळीखालून विस्तवाला वारा मिळावा म्हणून ठेवलेली झडपांची तोंडं आराखड्यात होती त्यापेक्षा लहान बनवलेली होती. धुराडंही इंजिनाच्या ताकदीला अपुरं होतं. आठ वर्षं त्या इंजिनाचा विस्तव हवेविना गुदमरत होता आणि दोष मात्र रचनाकाराच्या पदरात पडला होता. चुका सुधारून १९८६ साली ते पुन्हा वाफेवर आलं आणि पुढे चढांवर त्याने जी ताकद दाखवली, तिच्यामुळे त्याच्यावरचा जुना शिक्का कायमचा पुसला गेला. सरकारी रेल्वेकडे अभियंते होते, प्रयोगशाळा होत्या, चाचणीचे रूळ होते. झालेली वस्तू आराखड्याशी बोटाबोटाने ताडून पाहण्याची चिकाटी मात्र सुट्टीच्या दिवशी हात काळे करणाऱ्यांकडे निघाली.

पूर्वपक्ष : इंजिनांचं मान्य करतो. पण इंजिन वाचवणं वेगळं आणि मार्ग वाचवणं वेगळं. मार्गांच्या बाबतीत तुम्ही काटेकोरपणाचे वारसदार नाही. तिथे काटेकोर होते ते ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग. २७ मार्च १९६३ च्या त्यांच्या अहवालाने आकडे समोर ठेवले: एकतृतीयांश मार्गांवर मिळून एकूण प्रवासी वाहतुकीच्या फक्त एक टक्का वाहतूक. २,३६३ स्टेशनं बंद करण्याची शिफारस त्यांनी द्वेषातून केलेली नव्हती. लोक मोटारी घेत होते, गाड्या रिकाम्या धावत होत्या आणि तूट करदात्याच्या खिशातून भरली जात होती. शेवटच्या गाडीला गर्दी करून रडणाऱ्यांपैकी किती जण आदल्या वर्षी त्या गाडीत बसले होते?

उत्तरपक्ष : फारच थोडे. हे मला निमूटपणे कबूल आहे. कित्येक मार्ग मुळात बांधायलाच नको होते. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अरुंदमापी लाइन १९०४ साली सुरू झाली. विरळ वस्तीच्या खोऱ्यातून मुख्यतः दूध वाहिलं आणि १९३४ साली, बीचिंगच्या कितीतरी आधी, ती मिटली. तिच्या बंद होण्यावर मी अन्यायाचा आरोप करणार नाही. पण बीचिंगचे आकडे काटेकोर होते, हे मान्य करायला मी तयार नाही. त्यांची वाहतुकीची मोजणी एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याची होती. उन्हाळ्यात समुद्रकाठी जाणाऱ्यांनी भरून वाहणाऱ्या लाइनीला एप्रिलच्या थंड आठवड्यात तोलायचं, हा कसला हिशेब? शिवाय छोट्या फाट्याच्या उत्पन्नात त्या फाट्याचंच तिकीट धरलं की फाट्यावरून येऊन मुख्य मार्गाने पुढे लांब जाणाऱ्या प्रवाशाचं श्रेय फाट्याला पुरेसं मिळत नाही. फाटा तोडला की तो प्रवासी मुख्य स्टेशनावर येण्यासाठी वेगळी खटपट करत नाही, तो मोटार घेऊन थेट मुक्कामी जातो. आकडे देणं आणि नीट मोजणं यांत फरक आहे. तुम्ही बीचिंगच्या बाजूला काटेकोरपणा ठेवलात, मला तिथे घाई दिसते.

लढे कसे जिंकले गेले तेही पाहा. ससेक्समधली लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड ही लाइन १९५५ साली बंद केली. मॅज बेसेमर या स्थानिक बाईंनी भावनिक अर्ज करण्याऐवजी लाइनीचा मूळ १८७०च्या दशकातला कायदा वाचायला घेतला. त्यात ठरलेल्या स्टेशनांवर दिवसाला चार गाड्या चालवण्याचं बंधन होतं. संसदेकडून ते कलम रद्द होईपर्यंत रेल्वेला लाइन बंद ठेवण्याचा अधिकारच नव्हता. ऑगस्ट १९५६ मध्ये रेल्वेला गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या. सोडल्या त्याही हातचं राखून, कलमात होत्या तेवढ्याच. मार्च १९५८ मध्ये कायदा दुरुस्त करून लाइन पुन्हा बंद झाली, पण त्या मधल्या मुदतीत लोक जागे झाले, मंडळ उभं राहिलं आणि ७ ऑगस्ट १९६० रोजी त्याच लाइनीच्या तुकड्यावर ‘ब्लूबेल रेल्वे’ धावली. तिची उत्तरेकडची एक खोल खिंड दरम्यानच्या काळात गावाच्या कचऱ्याने भरून टाकली होती. कार्यकर्त्यांनी तो कचरा गाड्या भरभरून हलवला आणि मार्च २०१३ मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत रूळ नेले.

सेटल ते कार्लाइल हे दुसरं उदाहरण, ७२ मैलांचं. १९८०च्या दशकात ते बंद करण्याचा प्रस्ताव आला. मुख्य कारण रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आणि त्याच्या दुरुस्तीचा न परवडणारा अंदाज. त्या देशात मार्ग बंद करण्याविरुद्ध आक्षेप घेताना एकच गोष्ट ग्राह्य धरली जाई: प्रवाशाला सोसावा लागणारा त्रास. निसर्ग, वारसा, आठवणी यांना त्या कागदावर रकाना नव्हता. म्हणजे नुसतं प्रेम घेऊन गेलेल्याला दारातूनच परत फिरावं लागलं असतं. बावीस हजारांवर आक्षेप आले, ते त्या नियमाला धरून. पुलाच्या एका भागाची प्रत्यक्ष दुरुस्ती करून पाहिली, तेव्हा खर्च मूळ अंदाजापेक्षा बराच कमी निघाला. एप्रिल १९८९ मध्ये प्रस्ताव फेटाळला गेला आणि ती लाइन आजही प्रवासी आणि माल दोन्ही वाहते आहे. स्कॉटलंडची वेव्हर्ली लाइन मात्र १९६९ च्या जानेवारीत गेली. तिचा एडिंबरा ते ट्वीडबँक हा तीस मैलांचा भाग सप्टेंबर २०१५ मध्ये नव्याने बांधून सुरू करावा लागला, मधे उभ्या राहिलेल्या वस्तीतून आणि रस्त्यांतून वाट काढत. उलट डेव्हनमध्ये ओकहॅम्प्टनच्या रुळांवर खडीच्या गाड्या आणि अधूनमधून हौशी लोकांच्या गाड्या चालत राहिल्या, म्हणून रूळ टिकले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे रोजची सेवा तुलनेने सहज परतली.

पूर्वपक्ष : ठीक. पण तुमच्या या जतन केलेल्या लाइनींवर काय दिसतं? चकचकीत रंग, फुलांच्या कुंड्या, गणवेशातला हसरा स्टेशनमास्तर. फायरमनची मोडलेली कंबर दिसत नाही. पूल बांधताना मेलेले मजूर दिसत नाहीत. आणि ज्या साम्राज्याने आमच्या तिजोरीतून पाच टक्के व्याजाची हमी घेऊन रेल्वे बांधली, ते तर कुठेच दिसत नाही. काटेकोरपणा रिव्हेटपुरता आणि विस्मरण माणसांपुरतं, ही निवड मला निर्दोष वाटत नाही.

उत्तरपक्ष : हा तुमचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. कुंड्या आणि रंग यांच्यापुरता तो खरा आहे. पर्यटकाच्या तिकिटावर जगणारी संस्था पर्यटकाला आवडेल ते पुढे करते. पण छंदाच्या मुळाशी जाऊ. टॉम रोल्ट यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा घेतली आणि वेल्समधली मोडकळीला आलेली टॅलिलिन लाइन चालवण्याचं ठरवलं. पुढच्याच मे महिन्यात गाडी सुटली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. याच रोल्टनी १९५५ साली लिहिलेलं ‘रेड फॉर डेंजर’ हे पुस्तक रेल्वेप्रेमींच्या घरोघरी असतं, आणि ते अथपासून इतिपर्यंत अपघातांचं आहे. रेल्वेवर जीव असणाऱ्यांनी रेल्वेने घेतलेल्या जिवांचा हिशेब इतक्या बारकाईने ठेवला, ही गोष्ट तुमच्या आक्षेपात बसत नाही.

त्या हिशेबातला एक प्रसंग जवळून पाहू. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत असते. दोन स्टेशनांवर विजेने जोडलेली दोन यंत्रं. दोन्हींतून मिळून एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं, ते परत यंत्रात पडेपर्यंत दुसरं निघत नाही, आणि ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने त्या टप्प्यात शिरायचं नाही. कागदावर ही पद्धत अभेद्य आहे. २६ जानेवारी १९२१ रोजी वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल स्टेशनात एक पॅसेंजर आली. ड्रायव्हरने मागच्या टप्प्याचं टोकन शिकाऊ पोराच्या हाती दिलं. त्याने ते घाईने बदली स्टेशनमास्तरच्या हाती दिलं. स्टेशनमास्तरला वाटलं हे पुढच्या टप्प्याचं, म्हणून त्याने तेच ड्रायव्हरला परत दिलं. टोकनवर टप्प्याचं नाव कोरलेलं होतं. ते ना देणाऱ्याने वाचलं, ना घेणाऱ्याने. गाडी सुटली आणि समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसवर आदळली. १७ माणसं गेली. जतन केलेल्या एकेरी लाइनींवर आजही टोकन हातात देताना टप्प्याचं नाव वाचून खात्री केली जाते, आणि केबिनमध्ये लिव्हर ओढणाऱ्या स्वयंसेवकाची त्यासाठी परीक्षा होते. ही शिस्त पुस्तकात वाचून कळते. अंगात मुरायला मात्र यंत्र, लिव्हर आणि येणारी गाडी समोर लागते.

मजुरांचं म्हणाल तर रिबलहेडचा पूल ज्यांनी बांधला त्यांच्या माळावरच्या झोपड्या, त्यांच्यात पसरलेली देवी आणि चॅपल-ल-डेलच्या दफनभूमीत गेलेली त्यांची माणसं, हे सारं त्या लाइनीच्या अभ्यासकांनी खणून काढलेलं आहे. बोरघाटात मेलेल्या हजारो मजुरांबद्दल आपण स्वतः तितकं खणलेलं नाही, हेही जाता जाता म्हणायला हवं. आणि साम्राज्याचा प्रश्न: रेल्वेच्या हमीव्याजाचं खरं रूप कोणी उघड केलं? दादाभाईंनी, आणि रानड्यांचे सहकारी गणेश व्यंकटेश जोशी यांनी. पेशाने शिक्षक असलेल्या जोशींनी १८८४ साली रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांवर लिहिलं ते सरकारचेच आकडे उलटे तपासून. रेल्वेवरचा राग कितीही रास्त असला तरी तो आकड्यांशी झटल्याशिवाय युक्तिवाद होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्याला ब्रिटिश रेल्वेचा खरा हिशेब मागायचा आहे, त्यालाही ती बारकाईनेच माहीत हवी.

पूर्वपक्ष : आणि कोळसा? तापत्या पृथ्वीवर शनिवार-रविवारच्या करमणुकीसाठी कोळसा जाळण्याचं समर्थन कसं करणार?

उत्तरपक्ष : पूर्ण समर्थन करणार नाही. वेल्समधली फॉस-इ-व्रान ही मोठी उघडी खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाल्यापासून या मंडळींना कोळसा परदेशातून आणावा लागतो, आणि ऑलिव्हच्या बियांचा भुगा मिसळलेल्या इंधनासारखे पर्याय ते वापरून पाहत आहेत. गाड्या कमी धावल्या तर मला वाईट वाटेल, अन्याय वाटणार नाही. पण इंजिन चालवणं अजिबात थांबवू नये असं का म्हणतो, त्याला कारण आहे. डोन्कास्टर आणि डार्लिंग्टनला बांधलेली ‘पेपरकॉर्न ए-वन’ वर्गाची ४९ इंजिनं होती. एकही उरलं नाही. १९९० मध्ये काही लोकांनी नवं बांधायचं ठरवलं, आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाच्या किमतीएवढी वर्गणी गोळा केली, जुने आराखडे मिळवले आणि २००८ साली सुमारे तीस लाख पौंड खर्चून डार्लिंग्टनला ‘टोर्नेडो’ तयार केलं. त्याचा बॉयलर मात्र जर्मनीत, मायनिंगेनला करून घ्यावा लागला. एवढा मोठा बॉयलर बांधेल असा कारखाना वाफेच्या जन्मभूमीत उरलेला नव्हता. वाफेची शेवटची गाडी सुटून चाळीस वर्षंही झाली नव्हती. आराखडे कपाटात सुरक्षित होते. पत्रा किती तापला की वळवायचा, ठोकलेला रिव्हेट कानाला कसा वाजला की पक्का बसला, हे कपाटात ठेवता येत नाही.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. हे सगळं इंग्लंडचं झालं. बार्शीच्या किंवा यवतमाळच्या माणसाने यात मन का घालावं?

उत्तरपक्ष : बार्शीचं नाव तुम्हीच काढलंत, ते बरं झालं. मघाशी मी ज्या लीक अँड मॅनिफोल्डला सोडून दिलं, तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याने आधी काय बांधलं होतं? बार्शी लाइट रेल्वे, १८९७. अडीच फुटी माप. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, हे त्याचं सूत्र. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येई. त्या अरुंद रुळांवरून पुढे पंढरीचे वारकरीही गेले. सोलापूर जिल्ह्यात पारखलेली ही कल्पना सात वर्षांनी इंग्लंडच्या खोऱ्यात गेली: तेच माप, लीड्सच्या किट्सन कारखान्यातली बार्शीच्या वळणाची इंजिनं, त्यांना समोर इंग्लंडात कधी न लागणारा मोठा दिवा आणि डब्यांच्या टोकांना व्हरांडे. तंत्र नेहमी तिकडून इकडे आलं असं आपण धरून चालतो. इथे ते बार्शीहून तिकडे गेलं. मॅनिफोल्डचे रूळ उखडून तिथे पायवाट झाली त्याला आता नव्वदच्या आसपास वर्षं होतील. तरी तिथले मॉडेलवाले तिच्या डब्यांचा पिवळा रंग नेमका कोणत्या छटेचा होता यावर अजून खल करतात. बार्शीची लाइन या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रॉडगेज झाली, ते गरजेचंच होतं. पण तिच्या डब्यांचा रंग विचारला तर आपल्यापैकी किती जण पुराव्यानिशी सांगू शकतील?

पूर्वपक्ष : म्हणजे आता आम्हीही मोजपट्टी घेऊन निघायचं.

उत्तरपक्ष : निघायला जागा आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही ‘शकुंतला’ नावाची अरुंदमापी लाइन. मँचेस्टरच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्यातलं १९२१ सालचं झेडडी वर्गाचं इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवलं. आज गाड्या बंद आहेत आणि ब्रॉडगेजची मागणी आहे. ती मागणी न्याय्य आहे, विदर्भातल्या माणसाला वेगाने जाणारी गाडी हवी आहे. पण रूळ उचलण्याआधी छोटी स्टेशनं, पूल, पाण्याच्या टाक्या मोजून कागदावर घेता येतील. त्याहीआधीचं काम माणसांचं आहे. झेडडीवर फायरमन म्हणून लागलेले लोक आज साठी-सत्तरीत असतील. चढावर विस्तव कसा लावायचा, सांधे कोण बदलत असे, टप्प्यात शिरण्याआधी हातात काय घ्यावं लागे, हे त्यांना विचारणारं कोणी हवं. पुलाचं माप दोन वर्षांनी घेतलं तरी तेच येईल. त्यामुळे क्रम असा लावावा: आधी यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या तीन गावांतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांची यादी, मग त्यांच्याशी सविस्तर बोलणं, आणि त्यांनी दाखवलेल्या जागी मोजपट्टी.